काजीची सुरी

२०१९ च्या डिसेंबरात कोल्हापूर मटणाच्या दरावरून पेटलं होतं. किलोमागं दर वाढला म्हणून पेठापेठांतून बैठका झाल्या, बहिष्काराची भाषा झाली, शेवटी प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. बोकड की पालव, हाड किती, चरबी किती, रश्शाला कुठला तुकडा बरा, यावर शहरातला प्रत्येक माणूस अधिकारानं बोलत होता. पण त्या सगळ्या गदारोळात बकरा कुणी कापला, कशा सुरीनं कापला, त्याला किती सोसावं लागलं, हा प्रश्न कुणी काढल्याचं आठवत नाही.

हा प्रश्न आपल्याकडं नव्हताच असं मात्र नाही. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी होता. १८२६ साली त्यानं मराठ्यांचा इतिहास छापला आणि त्यात गावगाड्यातल्या बारा बलुत्यांची माहिती देताना मुलाण्यापाशी तो जरा थबकला. देवळापुढं किंवा शेतात बकरं पडलं की ते मुलाणा कापतो. त्यानं स्वतः कापलं नाही तरी त्याचे दोन पैसे आणि जनावराचं काळीज त्याचं, अट एवढीच की त्यानं त्यावर नियत, म्हणजे कापतानाची प्रार्थना, म्हणायची. नियत म्हटल्याशिवाय मराठा ते मटण खात नाही, असं डफ लिहितो. देव हिंदू, नवस हिंदू, खाणारा हिंदू आणि सुरीवरचे शब्द अरबी. डफला याचं नवल वाटलं. गावाला वाटलं नसावं. जीव घ्यायचा तर तो कुणीही, कसाही घेऊ नये, त्यासाठी ठरलेला माणूस असावा, त्याला ठरलेले शब्द यावेत आणि त्याचा ठरलेला हक्क त्याला मिळावा, इतकी साधी ती व्यवस्था होती. आजही कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात मुलाणी आडनावाची घरं गावोगाव आहेत.

घाट उतरून कोकणात गेलं की अशीच एक सुरी सापडते. तिचा धर्म वेगळा.

अलिबागजवळ नवगाव नावाचं गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथंच मोठ्या उंचवट्यांखाली पुरलं, अशी बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाची कथा आहे. इतिहासाच्या कसोटीला ती किती उतरते हा वेगळा विषय. एवढं पक्कं की रायगड जिल्ह्याच्या गावागावांत हे लोक तेलाचे घाणे चालवत होते, मराठी बोलत होते आणि शनिवारी घाणा बंद ठेवत होते. म्हणून त्यांचं नाव पडलं शनवार तेली. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर, दिव्याचे ते दिवेकर. आडनावावरून तरी त्यांना कुणी परकं म्हटलं नसतं.

१७३८ साली सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या पत्रात त्यांचा उल्लेख येतो. १७६८ साली कोचीनचा मोठा ज्यू व्यापारी एझेकिएल रहाबी अॅमस्टरडॅमला पाठवलेल्या पत्रात त्यांच्याविषयी लिहितो. दोन्हींचा सूर एकच: या लोकांजवळ ग्रंथ नाहीत, ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी पाठ आहे आणि शब्बाथ पाळतात.

याच रहाबी नावाभोवती समाजाची सगळ्यात लाडकी आठवण गुंफलेली आहे. दावीद रहाबी नावाचा गृहस्थ कोकणात आला. हे लोक खरंच इस्रायलचे का, हे त्याला पाहायचं होतं. त्यानं बायकांना मिसळीची मासळी रांधायला दिली. त्यांनी ती निवडायला घेतली आणि ज्या मासळीला खवलं नाहीत, पर नाहीत, ती बाजूला काढून ठेवली. ही आम्ही खात नाही, म्हणाल्या. रहाबीची खात्री पटली. मग त्यानं तीन घराण्यांतले तीन तरुण निवडले, झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर, त्यांना धर्म शिकवला आणि ते समाजाचे काजी, म्हणजे धर्मविधी पाहणारे, झाले. समाजाची परंपरा या घटनेला शेकडो वर्षं मागं नेते. अभ्यासकांचा कल अठराव्या शतकाकडं आहे.

या गोष्टीत मला एक बारीक गाठ दिसते. खवल्यांचा नियम तोऱ्यात, म्हणजे लिखित धर्मग्रंथात, सरळ लिहिलेला आहे. शतकानुशतकं ग्रंथ हातात नसतानाही कोळणीच्या पाटीपुढं बसलेल्या बाईच्या बोटांत तो टिकला. जनावर कसं कापावं हे मात्र तोऱ्यात सविस्तर कुठंच नाही. मी आज्ञा केली तसं कापा, एवढाच त्याचा मोघम निर्देश. ती आज्ञा नेमकी काय, हे मौखिक परंपरेत आलं, पुढं मिश्नात आणि ताल्मुदात ‘हुल्लीन’ या भागात नोंदलं गेलं. कोकणात तो ग्रंथ नव्हता. म्हणजे मासळी आजीकडून नातीकडं आली, पण शास्त्रातली सुरी बहुधा गुरूकडूनच यावी लागली असणार. ती कोचीनहून आली. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू मुंबईत शिक्षक, हझान आणि शोहेत म्हणून येत राहिले ते या पोकळीपायीच. हझान म्हणजे प्रार्थना म्हणणारा, शोहेत म्हणजे शास्त्राप्रमाणं जनावर कापणारा. छोट्या गावात दोन्ही कामं एकाच माणसाकडं.

त्यानं शिकायचं काय? शेहिता, म्हणजे ज्यूंची कापण्याची रीत, ही खरं तर सुरीची शिस्त आहे. सुरी लांब आणि सरळ, टोक नसलेली. तिची धार कापण्याआधी आणि नंतर नखावर आणि बोटाच्या मांसावर फिरवून तपासायची. नखाला जाणवेल एवढीही खाच असली की सुरी बाद, आणि कापल्यानंतर खाच सापडली तर मांस बाद. कापताना मध्ये क्षणभर थांबायचं नाही. सुरी दाबायची नाही, ओढायची. पातं लोकरीखाली किंवा कातडीखाली लपता कामा नये. ठरल्या जागेच्या वर-खाली चालत नाही. नळी कापली गेली पाहिजे, ओरबाडून तुटता कामा नये. या पाचांतली एक चूक झाली की ते मांस ज्यू माणसाला निषिद्ध. शोहेतनं मन लावून केलेल्या कामाचा मोबदला असा एका खाचेनं मातीत जाऊ शकतो, आणि ते नुकसान सोसायची तयारी असणाराच शोहेत होतो. त्यातही आई आणि तिचं पिल्लू एकाच दिवशी कापायचं नाही. पक्षी कापला तर त्याचं रक्त मातीनं झाकायचं. कापल्यावर मांस पाण्यात भिजवून, मिठात ठेवून, रक्त काढून टाकायचं.

हे सगळं जनावराच्या कळवळ्यानं की माणसाच्या आज्ञापालनासाठी, यावर ज्यू पंडितांचं जुनंच भांडण आहे. बाराव्या शतकातला मैमोनिदेस म्हणतो की माणसाला मांस लागतं, तेव्हा मरण होईल तितकं सोपं असावं म्हणून ही रीत. आणि पिल्लासाठी तुटणारं आईचं काळीज माणसाचं आणि जनावराचं सारखंच असतं. त्याच्या पुढच्या शतकातला नहमानिदेस म्हणतो, देवाला कळवळा जनावराचा असता तर त्यानं कापायलाच मनाई केली असती. हे नियम माणसाचा हात निर्दय होऊ नये म्हणून आहेत. दोघांचं म्हणणं वाचताना मला दुसरा जास्त प्रामाणिक वाटतो. पण बकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर पहिलाच बरा.

कोकणात या शास्त्राला आपोआप काही सोयीही झाल्या. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही हा नियम युरोपातल्या स्वयंपाकघराला जड जातो. कोकणी बेने इस्रायल बाईला त्याचं काय? तिच्या मटणाच्या कालवणात नारळाचं दूध असतं, दही नव्हे. सणाचा हलवाही नारळाच्या दुधाचाच. (आपला पांढरा रस्साही नारळाच्या दुधावरच उभा आहे, बकरा शोहेतनं कापलेला आणि मांस मिठातून काढलेलं असेल तर दुधाच्या नियमानं तरी त्याला हरकत घेता येणार नाही.) दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शास्त्रानं गाय-बैल चालत असूनही बेने इस्रायल घरांत पूर्वापार गोमांस वर्ज्य होतं. भोवतालच्या गावाला जे दुखेल ते आपण ताटात घ्यायचं नाही, हा शेजारधर्म. त्यामुळं काजीच्या सुरीखाली येत ते कोंबडं, बोकड आणि मेंढरू.

या शेजारधर्मानं जनावरांचंही, नकळत, भलं केलं. शरीरशास्त्र असं सांगतं की मेंढीच्या मेंदूला रक्त मुख्यतः गळ्यातल्या धमन्यांतून जातं. त्या तुटल्या की शुद्ध काही सेकंदांत हरपते. गाय-बैलांत मात्र मणक्याच्या कडेनं जाणाऱ्या धमन्याही मेंदूला रक्त पोचवत राहतात, म्हणून शुद्ध जायला कधी कधी बराच जास्त वेळ लागतो. शेहितेविरुद्धचे सगळ्यात गंभीर आक्षेप आहेत ते या मोठ्या जनावरांबाबत. मोठं जनावर धरायचं कसं, हा त्यातला खरा प्रश्न. अमेरिकेच्या कत्तलखान्यांत विसाव्या शतकात शुद्धीवर असलेल्या बैलाला मागच्या पायाला साखळी बांधून उलटं टांगत आणि मग शोहेत कापी. हे शास्त्रात कुठं नव्हतं. एका जनावराच्या रक्तात दुसरं पडू नये या १९०६ नंतरच्या स्वच्छतेच्या नियमांतून ते आलं होतं. पुढं उभ्या जनावराला पोटाखालून आधार देणारे पिंजरे निघाले, आणि टेंपल ग्रँडिन या पशुशास्त्रज्ञ बाईंनी कत्तलखान्यांत प्रत्यक्ष उभं राहून दाखवून दिलं की नीट धरलेलं जनावर चांगल्या सुरीला फारसं बिचकत नाही. कोकणातल्या अंगणात हा प्रश्नच आला नाही. बोकड दोन हातांत मावतो.

घाटाखाली काजीची सुरी अशी निमूट चालली होती, त्याच काळात युरोपात तिच्या बहिणीवर मतदान चाललं होतं.

२० ऑगस्ट १८९३ रोजी स्वित्झर्लंडच्या मतदारांनी आपल्या राज्यघटनेत कलम घातलं: बेशुद्ध केल्याशिवाय जनावराचं रक्त काढून मारायचं नाही. शेकडा साठ मतं बाजूनं पडली. लोकांनी सह्या गोळा करून राज्यघटनेत कलम घालायची सोय त्या देशात नुकतीच झाली होती, आणि त्या सोयीचा हा पहिला वापर. आग्रह धरणाऱ्यांत प्राण्यांवर खरंच माया करणारे होते, तसे ज्यूंना आपल्या गावात बघू न शकणारेही होते. मतपेटीत दोन्ही चिठ्ठ्या सारख्याच दिसतात. बेशुद्ध करणं शास्त्राला का चालत नाही? कापण्याआधी जनावर धडधाकट हवं, डोक्याला मार बसला की ते दुखापतग्रस्त आणि म्हणून निषिद्ध. तडजोडीला जागा फार थोडी उरते.

पुढची यादी ओळखीची आहे. २१ एप्रिल १९३३, हिटलर सत्तेवर येऊन तीनच महिने झालेले. जर्मनीत कायदा होऊन शेहिता बंद. १९४० च्या ‘डेअर एविगे यूडे’ या नाझी प्रचारपटात कत्तलखान्याची दृश्यं मुद्दाम घातली, म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात बैलाची कीव आणि माणसाचा द्वेष एकदमच भरेल.

आणि पोलंड. कोल्हापूरकराला पोलंड म्हटलं की वळिवडे आठवतं. १९४३ ते १९४८ या काळात पाचेक हजार पोलिश निर्वासित तिथं छावणीत राहिले, त्यांची शाळा, चर्च, नाटक सगळं पंचगंगेच्या काठावर झालं. ते आले त्या देशाच्या संसदेनं १९३६ साली याच प्रश्नावर कडाक्याची चर्चा केली होती. यानिना प्रिस्तोरोवा या खासदार बाईंनी शेहितेवर बंदीचं विधेयक आणलं. पूर्ण बंदी झाली नाही, ठराविक प्रमाणात परवानगी राहिली, पण मांसाच्या व्यापारातून ज्यूंना हुसकणं हा हेतू लपला नव्हता. नवल म्हणजे २०१३ साली, जेव्हा त्या देशात ज्यू मूठभर उरले होते, तेव्हा पोलंडमध्ये शेहिता पुन्हा बेकायदा ठरली. पुढच्या वर्षी डिसेंबरात घटनात्मक न्यायालयानं ती पुन्हा मोकळी केली. २०२० च्या डिसेंबरात युरोपीय न्यायालयानं बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रांताची बेशुद्धीची सक्ती उचलून धरली. तो वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडच्या कायद्यानं दुसरीच वाट धरली. स्वित्झर्लंडच्या मतदानाआधी तीन वर्षं, १८९० साली, ब्रिटिश हिंदुस्थानात प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा झाला. निष्कारण क्रूरतेनं जनावर मारणं गुन्हा ठरला, पण कोणत्याही जाती-जमातीच्या धर्मरीतीनुसार मारणं गुन्हा नाही, असंही त्यातच लिहिलं. यात उदारपणा किती आणि १८५७ ची धास्ती किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. काडतुसाच्या चरबीनं हात पोळलेलं सरकार कुणाच्या सुरीत लक्ष घालणार नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल, भरतनाट्यमच्या थोर नर्तकी, राज्यसभेत होत्या. १९५३ साली त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक आणलं. नेहरूंनी सरकार स्वतःच कायदा करील असं सांगून ते मागं घ्यायला लावलं, आणि १९६० चा कायदा आला. त्याच्या २८ व्या कलमात जुनंच वाक्य थोड्या फरकानं राहिलं: कोणत्याही समाजाच्या धर्माला आवश्यक असलेल्या पद्धतीनं प्राणी मारणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही. काजीची सुरी, मुलाण्याची सुरी, जत्रेतला कोयता, सगळे त्या एका ओळीच्या आडोशाला आले. २००१ च्या कत्तलखान्यांच्या नियमांनी एका जनावरासमोर दुसरं कापू नये असं सांगितलं, बेशुद्ध करण्यासाठी वेगळी जागा करावी असंही सांगितलं. पण कलम २८ जागच्या जागी आहे.

ही वाट मला स्वित्झर्लंडपेक्षा शहाणी वाटते, पण तिच्यात एक आळसही आहे. सूट देऊन टाकली की कुणी बघायला जात नाही. शेहितेत सुरीची तपासणी धर्मच करतो. सूट घेणाऱ्या बाकीच्या सुऱ्यांचं तसं नाही. आणि वाद झालाच तर तो जनावराच्या दुःखावरून होतच नाही. विशाळगडाचंच बघा. २०२३ साली गडावर पशुहत्येला बंदी आली ती पुरातन वास्तूंच्या नियमांखाली, आणि २०२४ च्या बकरी ईदला मुंबई उच्च न्यायालयानं परवानगी दिली ती बंदिस्त, खासगी जागेत कापण्याच्या अटीवर. गड, जागा, अंतर, सगळ्याचा विचार झाला. सुरीला धार आहे का, हे विचारायचं काम कुणाचंच नव्हतं.

याच कोल्हापुरात एक तिसरी तऱ्हाही आहे. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते आणि कोल्हासुराच्या नावानं तिथं कोहळा फोडतात. कुमारिकेच्या हातून तो फुटला की फोडींसाठी झुंबड उडते. असुराऐवजी कोहळा कधी आला हे बाजूला ठेवू, पण बळी तोच, वार तोच, फक्त रक्त नाही. आणि त्याच टेकडीवर आषाढात पी-ढबाकच्या तालावर नव्या पाण्याच्या कळशा चढतात तेव्हा गल्लीगल्लीत मटणाचे हंडे शिजत असतात. दोन्ही एकाच देवीच्या दारात, आणि यात काही विसंगत आहे असं कुणाला वाटत नाही.

बेने इस्रायलांच्या पंचांगातही हे दोन्ही आहे. अनाशी ढाकायचा सण, म्हणजे पेसाह. त्या दिवशी काही घरांत कापलेल्या बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून कागदावर पंजाचा ठसा उमटवायचा आणि तो दारावर लावायचा, इजिप्तच्या गुलामीतून सुटण्याच्या रात्रीची आठवण म्हणून. आणि नवसाला एलियाहू हन्नबीच्या नावानं मलिदा: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, भोवती फळं. मलिद्याला शोहेत लागत नाही.

ही गोष्ट पुढं फार कामाला आली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी, ज्यांनी १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा काढली, १८९७ साली समाजाचा मोठा इतिहास लिहून ठेवला. तो छापून निघाला १९३७ साली आणि तोही तेल अवीवला. पुस्तकानं जी वाट धरली ती अकरा वर्षांनी माणसांनी धरली. १९४८ नंतर गावंच्या गावं रिकामी झाली. एके काळी वीस हजारांच्या घरात असलेला समाज आज भारतात चार-पाच हजारांवर आला आहे, आणि त्यातलेही बहुतेक मुंबई-ठाण्यात. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागच्या इस्रायल आळीतलं सिनेगॉग उभं आहे, पण रोज सुरी पारखणारा माणूस गावोगाव कुठून आणायचा? जिथं शोहेत नाही तिथं शास्त्राचं मटण नाही, आणि जिथं शास्त्राचं मटण नाही तिथं पाळणारा माणूस डाळ-भाताकडं वळतो. हॉटेलात गेला की शाकाहारी पानाची ऑर्डर देतो. भारतात ती सोय नाक्यानाक्यावर आहे.

तिशा बआवचा उपास, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा. तो धरून नऊ दिवस मांस खायचं नाही. कोकणातल्या बेने इस्रायलांनी या उपासाला नाव दिलं होतं बिरड्याचा रोजा, कारण तो सोडायचा मोड आलेल्या, सोललेल्या कडव्या वालांच्या बिरड्यावर. अलिबागच्या मातीतले ते वाल. आता बऱ्याच घरांत बिरडं त्या दिवसापुरतं राहिलेलं नाही.